बीपी ‘वाटत’ नसतो, मोजावा लागतो!

रागावला की ‘हाय’, दमला की ‘लो’. आपल्या बोलण्यातला बीपी आणि दंडाला पट्टा बांधून मोजलेला बीपी यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत या गैरसमजाची किंमत माणसं लकव्यानं मोजतात. आणि ती थांबवणं तुमच्या हातात आहे.

‘यार, पेपर पाहूनच बीपी हाय झाला माझा!’

‘सकाळपासून काही खाल्लं नाही, बीपी लो झाला वाटते.’

‘बाबासमोर रिझल्टचं नाव नको काढू, त्यांचा बीपी वाढते.’

चंद्रपूर, गडचिरोली, वडसा, अहेरी… कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर अर्धा तास बसा, यातलं एक तरी वाक्य कानावर पडणारच. बीपी हा शब्द आपण मराठीत इतका मुरवलाय की तो आता आजाराचा राहिलाच नाही, मूडचा झालाय. चिडलेला माणूस हाय, गळालेला माणूस लो. आणि जो चिडलेला नाही, गळालेला नाही, नांगर धरतो, रोवणीला जातो, दोन वेळा जेवतो, त्याचा बीपी? तो नॉर्मलच असणार. मोजायचा कशाला?

घोळ इथंच आहे. चिडल्यावर, घाबरल्यावर बीपी वाढतो हे खरं, पण तो थोड्या वेळात खाली येतो. जो बीपी माणसाला आडवं करतो तो वर्षानुवर्षं वाढलेला असतो आणि बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, छाती धडधडत नाही. तब्येत ‘एकदम झकास’ असते. मग एका पहाटे माणूस बाजेवरून उठायला जातो आणि उजवा पाय साथच देत नाही.

आकडे दोन, गोष्ट एक

आधी आकडे समजून घेऊ. शेतात मोटार सुरू केली की पाइपातून पाणी जोरात धावतं आणि पाइप ताठ होतो. रक्तवाहिन्यांचंही तसंच. हृदय आवळतं तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा, सिस्टॉलिक. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं तेव्हाही जो दाब उरतो तो खालचा, डायस्टॉलिक. माप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतं, कारण १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला तेव्हा दाब पाऱ्याच्या नळीत वाचायचे. पाऱ्याची नळी आता जवळपास गेली, माप मात्र तेच राहिलं.

प्रौढ माणसाचा बीपी १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असेल तर काठावर, म्हणजे औषधाची घाई नाही पण लक्ष हवं. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून जास्त येत असेल तर तो उच्च रक्तदाब. दोन्ही वाढलेले असायला हवेत असं नाही, एकही पुरतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ही रेघ १३०/८० वर आणली, आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत १४०/९० चीच धरतात. १८०/१२० च्या पुढे आकडा गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, धूसर दिसणं, बोलताना अडखळणं यातलं काही असेल, तर उद्याची वाट पाहायची नाही. लगेच दवाखाना.

आणि लो? ९०/६० च्या खाली. पण त्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे येऊच.

गडचिरोलीत माणसं कशानं मरतात?

हा प्रश्न तुम्ही वर्गात विचारून बघा. मलेरिया, साप, नक्षल, कुपोषण अशी उत्तरं येतील. बाहेरच्या माणसाला विचारलं तर हमखास येतील.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली ‘सर्च’ ही संस्था आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ अशी दोन वर्षं जिल्ह्यातल्या ८६ गावांत झालेला प्रत्येक मृत्यू नोंदवला. लोकसंख्या ९४,१५४. मृत्यू १,५९९. त्यातले २२९ लकव्यानं, म्हणजे ज्याला डॉक्टर स्ट्रोक म्हणतात त्यानं. दर सात मृत्यूंमागे एक. त्या गावांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेच निघालं. शहरातल्या एसी ऑफिसातला म्हणून आपण ज्याला ओळखतो तो आजार धानाच्या बांधावर पोचला होता.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोचतो. लकव्यानं गेलेल्या १०० पैकी ८७ माणसं घरी गेली. दवाखान्यात नाही, घरी.

का, ते या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. सिरोंचा ते गडचिरोली अंतर जवळपास २०० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. साडेचार तासांचं हे गणित नागपुरातल्या माणसाला जमेल, लाहेरीच्या माणसाला कसं जमावं? शिवाय ‘वारं गेलं’ म्हणून आधी मालिश, मग पुजारी, मग कुणाची तरी गाडी, यात पहिला दिवस निघून जातो.

म्हणून माझं मत असं आहे की, आपल्या दोन जिल्ह्यांत लकव्याचा खरा इलाज झटका येण्याच्या आधी दहा वर्षं होतो. तो इलाज म्हणजे बीपी मोजणं आणि ताब्यात ठेवणं. लकव्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं सर्वात मोठं आणि सर्वात सहज मोजता येणारं कारण हेच आहे. मुंबईतल्या माणसाचं बीपी मोजायचं राहिलं तर त्याला निदान जवळ हॉस्पिटल आहे. आपल्याला ती चैन परवडणारी नाही.

राष्ट्राध्यक्षाकडे नव्हती ती गोळी

‘काही त्रास नाही तर गोळी कशाला?’ हा प्रश्न तुमच्या घरातही कुणीतरी विचारत असेल. त्यासाठी एक जुनी गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे अध्यक्ष होते फ्रँकलिन रूझवेल्ट. त्या काळातला जगातला सर्वात ताकदवान माणूस. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना तपासलं तेव्हा बीपी होता १८६/१०८. उपचार काय? मीठ कमी, सिगारेट कमी, विश्रांती. खात्रीनं बीपी उतरवणारी गोळीच तेव्हा नव्हती. पुढचं वर्षभर हा माणूस युद्ध चालवत होता, जगभर बैठकांना जात होता. १२ एप्रिल १९४५ ला त्यांचं डोकं भयंकर दुखायला लागलं, ते कोसळले. तेव्हाचा आकडा होता ३०० च्या वर. मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय ६३.

आता यातली आपली गोष्ट. रूझवेल्ट गेल्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक लेख लिहिला. विषय होता सर्पगंधा. आपल्याकडच्या जंगलांत उगवणारं, वैदूंना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेलं झुडूप. तिच्या मुळानं वाढलेला बीपी उतरतो हे त्यांनी रुग्णांवर तपासून, आकडे मांडून दाखवलं. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातलं रेझर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते बीपीचं जगभर वापरलं गेलेलं एक महत्त्वाचं औषध ठरलं. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण लगेच जंगलात जाऊन मूळ उकरू नका! रेझर्पिननं काही रुग्णांना खोल उदासी यायची, म्हणून ते मागे पडलं आणि त्याहून सुरक्षित गोळ्या आल्या. घरी उकळलेल्या काढ्यात औषध किती उतरलं हे कुणालाच सांगता येत नाही. वैदूचं ज्ञान थोर आहेच, पण ते मोजलं गेलं तेव्हाच जगाच्या कामी आलं, एवढं यातून घ्या.

रूझवेल्टना जी मिळाली नाही ती गोळी आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. घरात आजीच्या पिशवीत अर्धी संपलेली स्ट्रिप असेल तर काढून वाचा, बहुधा ॲम्लोडिपीन किंवा टेल्मिसार्टन असं काही लिहिलेलं दिसेल. आता तारीख आणि उरलेल्या गोळ्या मोजा. बऱ्याच घरांत हिशेब जुळणार नाही. पंधरा दिवस घेतली, बरं वाटलं, सोडली. मग कधीतरी डोकं दुखलं की एक घेतली. बीपीची गोळी पॅरासिटामॉलसारखी घ्यायची नसते. आकडा नॉर्मल आला म्हणजे गोळी काम करतेय, याचा अर्थ ती बंद करा असा होत नाही. कमी करायची की बदलायची हे डॉक्टर ठरवतील.

‘वय झालं, बीपी वाढणारच’ असं काही नाही

दुसरी पक्की समजूत: म्हातारपणी बीपी वाढतोच, त्यात काय? १९८८ मध्ये इंटरसॉल्ट नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतली ५२ ठिकाणं, दहा हजारांवर माणसं. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी आदिवासी होते. त्यांच्या जेवणात मीठ जवळपास नव्हतंच. त्यांचा सरासरी बीपी होता ९५/६१ च्या आसपास, आणि वय वाढलं तरी तो वाढत नव्हता! म्हणजे पांढऱ्या केसांसोबत बीपी आपोआप येत नाही. तो आपल्या खाण्याजगण्यातून येतो.

फक्त मीठच याला कारण आहे असं नाही. पण जंगलात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या उदाहरणावर थोडं थांबावं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. आता आपलं ताट आठवा. वरणात मीठ, भाजीत मीठ, भातावर वरून चिमूटभर, बाजूला लोणचं, पापड, सुकी मच्छी. संध्याकाळी शेव-चिवडा, कुरकुऱ्याचं पाकीट. शहरातला माणूस पिझ्झ्यातून मीठ खातो, आपण लोणच्यातून. रक्तवाहिनीला फरक कळत नाही.

त्यात आपला खास आयटम: खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला हा प्रकार पुण्या-मुंबईच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे तो वर्गातल्या शेवटच्या बाकावर असतो. तंबाखूतलं निकोटिन नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. प्रत्येक खर्ऱ्यागणिक बीपी काही काळ वर जातो आणि दिवसात पाच-सहा खर्रे म्हणजे दिवसभर वरच. कॅन्सरची भीती सगळे घालतात, त्यामुळे ती बोथट झालीय. पण खर्रा सोडायला एवढंही कारण पुरे आहे. दारूचंही तेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. कायदा काहीही असो, दारूनं बीपी वाढतो हे दोन्ही जिल्ह्यांत सारखंच खरं आहे.

आणि आता ‘लो’

‘माझा बीपी लोच असते’ हे वाक्य मुलींच्या तोंडी फार. मोजला तर १००/६४ येतो. हा लो नाहीच! तो छान आहे. यानोमामींचा आकडा आठवा. बारीक अंगकाठीच्या, नियमित धावणाऱ्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींचा बीपी असा असणं ही काळजीची गोष्ट नाही. आकडा ९०/६० च्या खाली असेल आणि सोबत चक्कर, अंधारी, थकवा असेल तरच त्याला काही अर्थ. काही त्रास नसेल तर नुसत्या आकड्याला औषध लागत नाही.

मग चक्कर का येते? मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेलेला आपण पाहिलाय. तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघालेला माणूस घामावाटे पाणी आणि क्षार घालवतो, रक्तवाहिन्या उष्णतेनं फाकतात, बीपी खरंच उतरतो, पटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तिथं सावली, आडवं पडणं, पाणी, ओआरएस हाच उपाय. बीपीची गोळी घेणाऱ्या घरच्या माणसाला उन्हाळ्यात अशी अंधारी येत असेल तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आरोग्य केंद्रात आकडा दाखवा.

पण बारमाही थकवा आणि चक्कर असेल तर बीपीला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं किती सर्रास आहे, आणि या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलही आहे. ‘लो बीपी’ या दोन शब्दांखाली हे दोन्ही आजार वर्षानुवर्षं झाकून राहतात. कुणी शोधतच नाही, कारण नाव आधीच मिळालेलं असतं.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे न मोजता केलेला इलाज. आजीला गरगरलं, ‘लो झाला असेल’, दे मीठ-साखरेचं पाणी, नाहीतर लाव सलाईन. आता समजा त्या वेळी तिचा बीपी १९०/११० असेल तर? चक्कर दोन्हीकडे येऊ शकते. ती आली म्हणून लो की हाय हे जगातला कोणताही डॉक्टर नुसतं पाहून सांगू शकत नाही. यंत्र सांगतं.

घरात कुणी गरोदर असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा. ताई, वहिनी, कुणीही. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर गेला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. पाय सुजणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं याला ‘गरोदरपणात होतंच’ म्हणून सोडायचं नाही.

मोजायचा कसा?

चुकीचं मोजणं हे न मोजण्याइतकंच वाईट. तेव्हा नियम पाठच करा.

• मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, खर्रा-सिगारेट नाही, धावपळ नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या.

• पाठ टेकून खुर्चीत ५ मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर, पायावर पाय नाही.

• हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही.

• मोजताना बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही.

• एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. तारीख, वेळ, दोन्ही आकडे लिहा.

एकदा १५० आला म्हणून रडत बसू नका. दवाखान्यात पांढरा कोट पाहूनही काहींचा बीपी चढतो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी मोजा. पुन्हा तेच आलं तर डॉक्टरकडे जा. यंत्र दंडाचं घ्या. मनगटावरचं घड्याळ आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं ॲप यांच्या भरवशावर कुणाची गोळी ठरवू नका. दंडाचं बरं यंत्र साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतं. रोज दोन खर्रे खाणाऱ्या मित्राला महिन्याचा हिशेब विचारा, यंत्र किती दिवसांत येईल ते कळेल.

‘आम्ही काय डॉक्टर आहोत का?’

आता मुद्द्यावर येतो. आशाताई गावात ३० वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरतात, उपकेंद्रात त्यांचा बीपी-शुगर तपासला जातो. चांगली योजना आहे. पण तिच्यात दोन फटी आहेत. एक तर तुम्ही त्यात नाही. तुमचं वय १९, २१, २४. आयसीएमआरच्या देशव्यापी सर्वेक्षणात, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २० वर्षांवरच्या लोकांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. ते सगळे ३० ओलांडल्यावर अचानक आजारी पडत नाहीत. तुमचा बीपी मोजला जातो तो फार तर रक्तदान शिबिरात, आणि तिथंही कार्डावरचा आकडा कोण वाचतं? बिस्कीट खाऊन आपण मोकळे.

दुसरी फट म्हणजे एकदा तपासलं आणि पुढं काही नाही. माणूस मिरची तोडायला तेलंगणात जातो, रोवणीत अडकतो, गोळ्या संपतात, कुणी विचारत नाही. शेजारच्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत २०१८ च्या सुमारास केंद्राचा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. त्यात फार भारी तंत्रज्ञान नव्हतं. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, घराजवळ मिळण्याची सोय, प्रत्येकाची नोंद आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. याच उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेनं गौरवलं. ‘तू का आला नाहीस?’ हे विचारणारं कुणीतरी असणं हेच तिथलं मोठं औषध होतं.

ते कुणीतरी तुम्ही व्हा, असं मला म्हणायचंय. गोंडवाना विद्यापीठात चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं होतात. गाव झाडून होतं, पथनाट्य होतं, रॅली निघते. या वर्षी त्यातले दोन दिवस दोन यंत्रं आणि एक वही घेऊन घरोघरी जा. झाडीपट्टीचं नाटक असो, मार्कंड्याची जत्रा असो, महाकालीची यात्रा असो, माणसं आपणहून जमतात तिथं एक टेबल टाका. आणि कॉलेजनं ॲडमिशनच्या वेळी फोटो, मार्कशीट घेतात तसा एकदा बीपी मोजावा. खर्च काय? दोन सेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: आम्ही डॉक्टर नाही. बरोबर. म्हणून गोळी सांगायची नाही, बदलायची नाही, बंद करायला लावायची नाही. आकडा लिहायचा आणि तो वाढलेला असेल तर माणसाला आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचं. याच गडचिरोलीत ‘सर्च’नं गावातल्या थोडं शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला, न्यूमोनिया-जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या कामानं नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं आणि जगानं डोळे चोळले. त्या बायांना जमलं, आणि बीएस्सी, बीएच्या पोरांना बटण दाबायला जमणार नाही?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लोक घाबरतील, आणि केंद्रात गोळ्याच नसल्या तर? घाबरतील, खरंय. म्हणून एका आकड्यावर कुणाला ‘पेशंट’ म्हणायचं नाही. आणि गोळ्या नसतील तर ते विचारायला शंभर माणसांच्या सह्या आणि आकडे असलेली वही हातात हवी. ‘आमच्या गावात बीपीचे खूप पेशंट आहेत’ हे बोलणं आहे. ‘आमच्या गावात ४१२ जणांचा मोजला, इतक्यांचा १४०/९० च्या वर आहे, ही यादी’ हे निवेदन आहे. ग्रामसभेत दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

एक शेवटचं. झटका आलाच तर ओळखायला शिका. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओघळतंय का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का? एखादं वाक्य बोलायला सांगा, जीभ जड झालीय का? यातलं एकही दिसलं तर तोंडात पाणीही घालू नका, मालिश नको, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

येत्या रविवारी घरी असाल तर उपकेंद्रात जा, नाहीतर ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला घरी बोलवा. आई, बाबा, आजी, आजोबा आणि तुम्ही स्वतः. पाच माणसं, दहा आकडे. कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहा आणि खिळ्याला टांगा. पुढच्या महिन्यात त्याच पानावर खाली दुसरी ओळ लिहायची आहे.